ताईची साक्ष

छापखान्यात तिला सगळे काडी म्हणत. मुद्रितं तपासायचं काम, आणि खुर्ची मुद्दाम दाराजवळची, कारण दिवसातून दहा-बारा वेळा तिला धावत संडास गाठावा लागे. ती उठली की खिळे जुळवणारा जुळारी हसून म्हणायचा, "निघाला स्वल्पविराम." काडीही हसायची. मोठ्या आतड्याला चौदा वर्षं जखमा होत्या, रक्त जायचं. गोळ्यांनी तोंड भोपळ्यासारखं सुजलेलं आणि हातपाय वाळलेले.

लग्न झालं नाही. ते ताईचंही झालं नाही. थोरल्या बहिणीने नोकरी सोडून हिचं पथ्य सांभाळलं. काय खाल्लं, काय सोसलं, किती वेळा जाणं झालं, सगळं वहीत. भेटेल तो ताईचं कौतुक करी, "तू आहेस म्हणून ती जगली." ताई मान खाली घालून म्हणे, "आपलंच माणूस आहे." काडीला या वाक्याचा वीट आला होता, पण बोलायची सोय नव्हती. खाल्ल्या अन्नाला जागायला हवं ना.

शेवटी शल्यविशारद म्हणाले, "आतडंच काढून टाकू. मळासाठी पोटावर पिशवी येईल. पण दोन महिन्यांत तुम्ही हवं ते खाल, हवं तिथे जाल."

"एकटी?" काडीने विचारलं.

"एकटी जा, दुकटी जा. मला काय त्याचं?"

काडी खळखळून हसली. ताई वहीत काहीतरी लिहीत राहिली.

आठवडाभर तयारी चालली. पिशव्यांचं काम बघणाऱ्या नर्सने काडीला उभं केलं, बसवलं, वाकायला लावलं. पोटावर वळी कुठे पडते ते नीट बघून बेंबीच्या उजवीकडे, सपाट जागी, जांभळ्या शाईने ठिपका काढला. "पिशवी इथेच यायला हवी. वळीत आली तर पिशवी चिकटत नाही, गळत राहते. पुसू देऊ नका."

आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध. चार लिटर, खारट, दर पाव तासाने पेला. सहाव्या पेल्याला काडी भिंतीला टेकून रडायला लागली. ताईने पाठीवरून हात फिरवला. "कशाला हा हट्ट? चाललंय ना आपलं?"

"तुझं चाललंय," काडी म्हणाली आणि पेला रिकामा केला.

सकाळी तिला हिरवा झगा घालून चाकांच्या खाटेवर घेतलं. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "शेवटचं कधी खाल्लंत?"

"परवा दुपारी."

"खरं सांग ना गं," ताई हळूच म्हणाली. "सकाळी पाव खाल्लास."

काडीला आधी वाटलं, ताई गोंधळली. "कुठला पाव?"

"लपवून खाते हो ती. मला राहवेना म्हणून बोलले. भुलीत उलटी फुप्फुसात गेली तर?"

"खोटं बोलतेय! ताई, काय बोलतेस तू?"

डॉक्टरीणबाईंनी कागद चाळले. सहा वर्षांपूर्वी काडीने चोरून मूठभर शेंगदाणे खाल्ले होते आणि दवाखान्यात दाखल व्हावं लागलं होतं. तेही तिथे लिहिलेलं होतं. बाई शांतपणे म्हणाल्या, "मी धोका पत्करणार नाही. आज रद्द. पुढची तारीख तीन आठवड्यांनी." मग ताईकडे वळल्या, "बरं झालं सांगितलंत."

टॅक्सीत काडीने एकच शब्द विचारला, "का?"

"घाबरली होतीस तू. तुला सांगता येत नव्हतं, म्हणून मी सांगितलं."

घरी आल्यावर ताईने सूप गाळायला घेतलं. गाळता गाळता ती गुणगुणत होती. काडीने किती वर्षांत तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

दवाखान्यात फोन करून काडीने पुन्हा पुन्हा सांगितलं, बहीण खोटं बोलली. पलीकडचा माणूस दर वेळी म्हणे, "हो मॅडम, तारीख दिलीय ना."

अकराव्या दिवशी भर दुपारी, मुद्रितांवर वाकलेली असताना तिचं आतडं फुटलं. जुळाऱ्यानेच तिला उचलून गाडीत घातलं. ड्यूटीवर वेगळेच डॉक्टर होते. पोटभर घाण पसरलेली, जीव जायची वेळ. ठिपका केव्हाच धुऊन गेला होता आणि तो शोधत बसायला कुणाला सवड नव्हती. जिथे जमलं तिथे त्यांनी आतड्याचं तोंड बाहेर काढलं. ते नेमकं वळीत आलं.

काडी वाचली. पिशवी मात्र चिकटेना. भोवतीची कातडी सोलवटून लाल झाली.

ताई रोज चार वाजता येई. काडीने तिला आत सोडू नका म्हणून सांगितलं होतं. नवव्या दिवशी नर्स म्हणाली, "बहीण बाकावर बसून असते हो. पिशवी बदलायला शिकून आलीय. स्वतःच्या पोटावर लावून लावून सराव केलाय तिने. घरी तुमचं कोण करणार?"

काडी म्हणाली, "बोलवा."

ताई कात्री, पिशवीखाली चिकटवायच्या चकत्या, मऊ फडकी असं सगळं घेऊन आली. काडीने पांघरूण बाजूला केलं. ताईचा चेहरा पांढरा पडला. तिने हात पुढे केला.

"हात लावायचा नाही," काडी म्हणाली. "बघायचं."

पुढे दोघी त्याच घरी राहिल्या. दुसरं जायचं कुठे? स्वयंपाक काडी करू लागली. ताईची वही तिने रद्दीत दिली. दर दोन दिवसांनी ती ताईला हाक मारी, समोर खुर्चीवर बसवी, हात मांडीवर ठेवायला लावी आणि पिशवी बदले. वळीत चकती नीट बसत नसे, अर्धा-पाऊण तास जाई. ताई सुरुवातीला रडायची. "मार मला, पण हे नको," म्हणायची. मग तेही थांबलं.

एकदा चकती निसटली आणि सगळं मांडीवरून जमिनीवर ओघळलं. काडी कळवळली. ताई फडकं घेऊन अर्धवट उठली.

"बस."

ताई बसली.