दोनशे सात व्होल्ट, नऊ अँपिअर

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी वीज-निरीक्षक बाईने रंगखात्यातल्या सुकवणी भट्टीचं पॅनेल उघडलं. झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं होतं : २३० व्होल्ट. ९ अँपिअर. २५.५ ओहम. तार बारीक. तारचोर.

अक्षर कारखान्याच्या मालकाचं. लिहून अकरा वर्षं झाली होती. तारचोर म्हणजे निरीक्षक बाईचे वडील.

ते वायंडर होते, तारेच्या कॉइल गुंडाळायचे. या भट्टीसाठी त्यांनी एकाच रिळातून दोन कॉइल केल्या. एक भट्टीत बसली, दुसरी राखीव म्हणून त्यांच्याकडे राहिली. दोनशे तीस व्होल्टवर दहा अँपिअर, म्हणजे तेवीस ओहम आणि तेवीसशे वॅट, असा हिशेब होता. पहिल्याच आठवड्यात पत्र्यांवरचा रंग चिकट राहिला. मालकाने मीटर लावला, नऊ अँपिअर दिसले. दोनशे तीस भागिले नऊ, साडेपंचवीस. रोध जास्त, म्हणजे तार बारीक, म्हणजे जाड तार वायंडरने परस्पर विकली. वायंडर म्हणत राहिला, "भट्टी चालू ठेवून व्होल्ट मोजा." मालक म्हणाला, "मीटर खोटं बोलत नाही." कॉइल भंगारात गेली, तिच्या जागी बाहेरून जाड तारेची दुसरी आली. त्याच संध्याकाळी मालक सगळ्या कामगारांना घेऊन वायंडरच्या गल्लीत गेला आणि दारासमोर उभा राहून "तारचोर" म्हणून ओरडला. त्यानंतर त्या घरी कुणी साधा पंखाही वायंडिंगला दिला नाही.

मालकाने आता त्याच लाइनवर दुसरी भट्टी लावायची परवानगी मागितली होती. कचेरीत ती फाइल दुसऱ्या निरीक्षकाकडे होती. या बाईने ती मागून घेतली.

"मॅडम, व्होल्टेजची काळजी नको," मालक म्हणाला. त्याने भट्टी बंद असतानाच मीटरच्या पिना टर्मिनलला टेकवल्या. "हे बघा, दोनशे तीस. मीटर खोटं बोलत नाही."

"नाहीच बोलत," ती म्हणाली. "आता भट्टी चालू करा."

आकडा घसरला आणि दोनशेवर थांबला. तिने क्लॅम्प मीटर तारेभोवती अडकवला. बारा अँपिअर.

"भट्टीत चोवीसशे वॅट पोचतात. मधले तीस व्होल्ट कुठे गेले?"

मालकाने पिना पुन्हा दाबून बघितल्या.

"तीस गुणिले बारा. तीनशे साठ वॅट तुमच्या भिंतीतल्या तारांत जळताहेत."

म्हातारा रंगारी मागून म्हणाला, "तरीच! थंडीत आम्ही त्या भिंतीला पाठ लावून बसतो. मालकांची कृपा म्हणत होतो."

कुणीतरी हसलं. मालकाने वळून बघितलं, तेव्हा थांबलं.

मेन बंद करून तिने भिंतीतली जोडपेटी उघडली. तारेचं आवरण तपकिरी होऊन ठिसूळ झालं होतं, तांबं काळवंडलं होतं. तिने फोटो काढले. मग पिशवीतून एक कॉइल बाहेर काढली. अकरा वर्षं ती घरातल्या खिळ्याला टांगलेली होती. पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर वडिलांचं अक्षर होतं : २३ ओहम.

मालकाने चिठ्ठी वाचली, मग तिचा चेहरा नीट बघितला. "तुम्ही त्याची..."

"त्यांची. ही बसवा. फक्त पाच मिनिटं, माझ्यासमोर."

रंगाऱ्याने हात पुसले आणि कुणी सांगायच्या आत पाना घेतला. बारा वाजता कॉइल लाल झाली. निरीक्षक बाईने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"बाबा, कारखान्यातून बोलतेय. सगळे ऐकताहेत."

"लोड लावून मोजलंस?"

"हो. दोनशे सात व्होल्ट. नऊ अँपिअर."

दोनशे सात भागिले नऊ. पलीकडून वायंडर म्हणाला, "तेवीस."

पॅनेलच्या झाकणावरही नऊच अँपिअर होते. ते सगळ्यांना दिसत होते.

"काका," मालक फोनजवळ वाकला, "अहो, त्या वेळी माझ्याकडून मोजण्यात जरा..."

"मला फोनवर नको सांगूस. गल्लीत सगळ्यांसमोर ओरडला होतास. सगळ्यांना घेऊन ये." फोन बंद झाला.

मालकाने खिशातून पेन्सिल काढली आणि झाकणावरचा शेवटचा शब्द खोडायला गेला.

"हात लावू नका," ती म्हणाली. "ते माझ्या अहवालात आहे."

मग तिने कॉइल उतरवून घेतली, पॅनेलला सील लावलं आणि नोटीस मालकाच्या हातात दिली. तारा बदलायला सात दिवसांची मुदत देऊन तोवर भट्टी कमी भारावर चालू ठेवायची सोय नियमात होती. जागेवर सील करायचीही होती.

"ताई, उद्या सकाळी माल जायचाय. चारशे पत्रे ओले पडलेत."

"वाळतील. वेळ लागेल. आम्हाला अकरा वर्षं लागली."

"मी येतो तुमच्या घरी. मग तर काढाल सील?"

"तुम्ही आलात तरी सील निघणार नाही, नाही आलात तरी नाही. तारा बदला, मग अर्ज करा."

"मग मी कशाला येऊ?"

तिने मीटर पिशवीत ठेवला. रंगाऱ्याने पाना पेटीत ठेवला आणि म्हणाला, "मालक, त्या वेळी आम्ही गेलो होतो तुमच्याबरोबर. गल्लीचा रस्ता आम्हाला पाठ आहे."

साडेसहाला मालकाची गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली. तो एकटाच उतरला. समोरच्या तीन खिडक्या उघडल्या. त्याने वायंडरचं दार तीनदा वाजवलं. आत दिवा होता. सात वाजले तेव्हा तो अजून पायरीवर उभा होता आणि दार बंद होतं.