कडुलिंबाखालचा हौद

तापलेला धातू पाण्यात शिरताना जो एक आखूड, करकरीत चीत्कार उठतो, त्यात मला अजून कुंदाताई दिसतात. मान किंचित कललेली, चष्मा कपाळावर चढवलेला, ओठ घट्ट मिटलेले. नागपूरच्या आमच्या ॲल्युमिनियमच्या कारखान्यात त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या आणि मी त्यांची सहायक. उमरेडच्या विणकराची ही लेक बोलायची कमी, आणि बोलली की समोरच्याची पंचाईत व्हायची.

वैशाखातलं ऊन आमच्याकडे पाहुण्यासारखं येत नाही, ठाण मांडून बसतं. भट्टीशेजारच्या लोखंडी हौदातलं पाणी इतकं तापायचं की त्यात माल नीट गार होईना. म्हणून कामगारांनी मोठ्या मायेनं हौद उचलला आणि अंगणातल्या कडुलिंबाखाली, कूलरच्या झोतासमोर नेऊन ठेवला. पाणी गार झालं, सगळे खूश. भट्टीतून निघालेली टोपली मात्र आता त्या सावलीपर्यंत रमतगमत जाऊ लागली आणि माल वाटेतच, हवेवर निवू लागला.

घोळ झाला तो इथेच. बळकटीसाठी ॲल्युमिनियमच्या पोटात विरघळवलेलं तांबं झटक्यात गार केलं तरच जागच्या जागी थिजतं. त्याला जरा सवड मिळाली की ते सरकत सरकत धातूच्या दाण्यांच्या सीमांवर गोळा होतं, आणि पुढे खारं पाणी त्या सीमा पोखरत आत शिरतं. कुंदाताईंना तो चीत्कार मंदावल्यासारखा वाटला. त्यांनी नमुना घासला, चकाकवला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला. दाण्यादाण्याभोवती काजळाची अखंड रेघ उमटली होती. "माझ्या वडिलांच्या मागावर किनार सैल पडली की सबंध लुगडं उसवायचं," एवढंच त्या म्हणाल्या.

तो माल कोकणातल्या मच्छीमार बोटींच्या कठड्यांचा होता. लाट आली की माणूस ज्याला धरतो, तो कठडा. कडकपणाची चाचणी त्यानं बिनबोभाट पार केली होती, ट्रक फाटकात उभा होता, अडली होती ती फक्त कुंदाताईंची सही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मालकांचं जुनं धोरण.

"मॅडम, हार्डनेस बरोबर येऊन राहिला ना? मग काहून अडवता? आपल्या नागपुरात कुठं आहे समुद्र?" मालकांनी सगळ्यांदेखत विचारलं.

"समुद्र इथं नाही भाऊ, पण माल तर तिकडंच चालला ना," कुंदाताई म्हणाल्या. "मी नाही करत सही."

त्यांचा आवाज चढला नाही. मी मात्र मनातून पार घाबरले होते. ही बाई नोकरी घालवून बसणार, हे मला लख्ख दिसत होतं.

त्यांनी दोन पट्ट्या मिठाच्या पाण्यात बुडवल्या, एक भट्टीशेजारीच झटक्यात विझवलेली, दुसरी कडुलिंबापर्यंत फिरून आलेली. दुसऱ्या दिवशी दोन्ही मालकांच्या टेबलावर ठेवून त्यांच्यासमोरच वाकवल्या. पहिली निमूट वाकली. दुसरीच्या पाठीवर उन्हाळ्यातल्या तळ्यासारख्या भेगा पडल्या. मालकांनी त्या भेगांवरून अंगठा फिरवला आणि ट्रक रिकामा करायला सांगितला.

सगळा माल पुन्हा भट्टीत गेला, हौद आपल्या जागी परतला आणि त्यात बर्फाच्या लाद्या पडू लागल्या. पण भरल्या कारखान्यात ऐकलेला नकार मालकांना पचला नाही; दिवाळीनंतर त्यांनी कुंदाताईंना येऊ नका म्हणून सांगितलं. मला त्याचा संताप आला, अजून येतो. त्या मात्र डबा पिशवीत घालून, फाटकावरच्या माणसाशी दोन शब्द बोलून, मनीषनगरच्या बसनं घरी गेल्या. पुढे एकदा भेटल्या तेव्हा मी विचारलं, वाईट नाही वाटलं? "वाटलं ना वं," त्या म्हणाल्या, "पण सही केली असती तर झोप नसती लागली."

आता सही माझी असते. दर वैशाखात कुणीतरी लाघवीपणानं सुचवतं, मॅडम, हौद सावलीत नेऊ का, आणि मी नाही म्हणते. भेगाळलेली ती पट्टी माझ्या टेबलावर आहे. काळ सगळं झिजवतो म्हणतात. माणसं जातात, त्यांच्या खुर्च्याही दुसऱ्यांच्या होतात. पण कुंदाताईंचा तो नकार माझ्यात जागच्या जागी थिजून राहिला आहे, आणि खाऱ्या पाण्याला तो अजून आत शिरू देत नाही.