धूर प्यायलेलं पिंप

मित्रांनो, मी ओक लाकडाचं एक जुनं पिंप आहे, आणि माझी हकीकत सांगताना मला मान वर करवत नाही. दुसऱ्या वस्तू आपली कहाणी सांगतात तेव्हा त्यांना कुणी तरी अडगळीत टाकलेलं असतं, लाथाडलेलं असतं. मला कुणी टाकलं नाही. उलट फार जपलं. तरीही ज्या कामासाठी मला घडवलं, नेमकं तेच माझ्या हातून नासलं.

बरोसा खोऱ्यात ग्राबिश घराण्याची द्राक्षबाग आहे. तिचा आताचा मालक केल्विन, याच्या पणजोबांनी लावलेल्या वेली तिथे अजून फळ देतात. या घरात मूल जन्मलं, की त्याच्या नावाचं पिंप करतात आणि त्या वर्षीची गोड, कडक वाइन त्यात भरतात. लाकडातून थोडी वाइन हवेत उडून जातेच. म्हणून दर वाढदिवसाला बूच काढायचं आणि कमी झाली असेल तेवढी भर घालायची. ती ज्या वर्षी भर घालायची त्याच वर्षीची, घरच्याच द्राक्षांची हवी. वर्ष चांगलं गेलेलं असो नाही तर वाईट. मग त्या मुलाच्या लग्नात पिंप उघडायचं आणि पाहुण्यांना पाजायचं.

केल्विनला मुलगी झाली, मार्लीन. त्याच आठवड्यात त्याने माझ्या फळ्या विस्तवावर शेकून वाकवल्या, त्यांवर लोखंडी पट्ट्या ठोकल्या आणि मला पाण्याने काठोकाठ भरून पाहिलं. थेंबभरसुद्धा गळलं नाही.

"बघ ट्रूडी, पोरीसारखंच ठणठणीत आहे!" तो बायकोला म्हणाला.

"पोरगी निदान रडून सांगते तरी," ट्रूडी हसून म्हणाली. "हे मुकाट्याने पितंय. याच्यावरच जास्त लक्ष ठेव."

पहिली वर्षं काय सुखाची गेली म्हणून सांगू! मार्लीन माझ्यावर घोड्यासारखी बसायची. वाढदिवसाला लाकडी हातोडी घेऊन स्वतः बूच ठोकायची आणि बोटाला लागलेली वाइन चाटायची. केल्विन पाहुण्यांना मुद्दाम माझ्यापाशी आणायचा. "हे माझ्या लेकीचं," एवढंच बोलायचा. माझी छाती फुगायची. तो फुगीरपणा आज आठवला तरी कसंसंच होतं.

मार्लीनला पंधरावं वर्ष लागलं आणि त्या उन्हाळ्यात डोंगर पेटले. आग आमच्या कुंपणाशी आली नाही, पण धूर किती तरी दिवस बागेवर बसून राहिला. खोऱ्यातल्या बहुतेकांनी त्या वर्षीची द्राक्षं पाखरांना सोडून दिली. शेजारचा रेनहोल्ड तर मुद्दाम आमच्याकडे सांगायला आला.

"केल्विन, तोडू नकोस रे. धूर सालीत शिरलाय."

"खाऊन तर बघ एक! नुसती साखर आहे."

"आज साखरच लागणार. हा धूर लबाड असतो. वाइन मुरायला लागली, की मग वर येतो."

"तुझी बाग गेली म्हणून माझीही जावी, असंच ना?"

रेनहोल्डने हॅट डोक्यावर ठेवली आणि तो निघून गेला.

केल्विनने द्राक्षं तोडली. थोड्याच दिवसांत चर्चमध्ये मार्लीनचं कन्फर्मेशन, म्हणजे जाणत्या वयातला धर्मदीक्षेचा विधी, झालं. त्या दिवशी पिंपातली थोडी वाइन पाहुण्यांना द्यायची, हीही घरची रीत, त्यामुळे माझा चांगला पाव हिस्सा रिकामा झाला. आता भर घालायची होती.

"यंदाची नको," ट्रूडी म्हणाली. "मागच्या वर्षीची आहे ना शिल्लक? ती घाल."

"म्हणजे पोरीचं एक वर्ष खोटं घालू? आमच्या घरात आजवर कुणी घातलं नाही."

आणि त्याने ती वाइन माझ्यात ओतली. मित्रांनो, ती गोडच होती! मीही लाडाने प्यायलो, अगदी फळ्यांच्या आत मुरवून घेतली.

पुढच्या एक-दोन वर्षांत धूर वर आला. केल्विनच्या बाटल्या दुकानांतून परत यायला लागल्या. चुलीतली राख चाटावी तशी चव. चर्चच्या दारात लोक त्याच्याशी बोलताना हवापाण्याचं बोलत, वाइनचा विषय काढत नसत. तेव्हापासून केल्विनने माझी चव घेणंच सोडलं. वाढदिवसाला तो तोंड फिरवून बूच काढायचा, घाईघाईने भर घालायचा आणि मार्लीनही पटकन हातोडी मारून मोकळी व्हायची. भर घातलेली वाइन चांगली असायची. तिला राख लावायचो मी.

मार्लीनचं लग्न ठरलं. केल्विनने धीर करून एक घोट काढला आणि तिथेच थुंकला. बराच वेळ माझ्यावर हात ठेवून उभा राहिला. त्या हाताखाली मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तो रेनहोल्डच्या दारी गेला. तिथून परतताना दोघं वाइनची गाडी माझ्या कोठारापर्यंत ढकलतच आले, म्हणून त्यांचं बोलणं मला ऐकू आलं.

"एवढी वर्षं लागली होय रे कुंपण ओलांडायला?" रेनहोल्ड म्हणाला.

"बोल, काय बोलायचं ते बोल. आज मी ऐकून घेणार."

"बोलायचं काही नाही. एकच ऐक. ही माझी जुनी वाइन लग्नाच्या सकाळी पिंपात भर. आधी अजिबात नको. ते लाकूड धुराचं आहे."

पण लग्नाच्या सकाळी घर पाहुण्यांनी भरलेलं असणार. कुणी पाहिलं तर? केल्विनने घरात कुणी नसताना मला रिकामं केलं. माझ्या पोटातली सगळी वाइन कोठारामागच्या मातीत गेली. त्याने मला कढत पाण्याने धुतलं, वास जावा म्हणून आत गंधक जाळलं आणि रेनहोल्डची वाइन लग्नाच्या कितीतरी आधी भरून टाकली. मी हरलो हो. लाकडाला मुरलेलं काही पोटात दाबून ठेवता येत नाही. त्या भल्या माणसाच्या वाइनलाही मी राख लावली.

लग्नाच्या दिवशी मला हॉलमध्ये नेऊन ठेवलं. तिथे बँड वाजत होता, टेबलांवर सॉसेज आणि खारवलेल्या काकड्यांच्या बश्या होत्या. मार्लीनने माझं बूच काढलं. पहिला पेला शेजाऱ्याचा. रेनहोल्डने घोट घेतला, केल्विनकडे पाहिलं.

"छान मुरलीय," तो म्हणाला आणि पेला हळूच केकच्या मागे ठेवला. त्या दयेने मी जास्तच ओशाळलो.

मार्लीनने आपला पेला उचलला. "राहू दे गं, झग्यावर सांडेल," केल्विन पुढे होत म्हणाला. तोवर ती प्यायली होती.

"बाबा, ही माझी नाही."

"असं कसं? तुझ्याच पिंपातली तर आहे."

"माझी याहून किती तरी कडू आहे. मी दरवर्षी बूच ठोकते, बोट चाटते. मला चव कळत नाही? तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी गप्प राहिले. आज सगळ्यांना सांगणार होते, की ही आमच्या आगीच्या वर्षाची, तोंड वाकडं न करता प्या. माझी कुठे आहे?"

"ओतली," केल्विन म्हणाला. "कोठारामागे."

"सगळी?"

"सगळी."

"अहो बाबा, त्यात माझी चौदा वर्षं चांगली होती हो!"

ट्रूडीने तोंडाला रुमाल लावला. केल्विन खुर्चीत बसला. मार्लीनने त्याच्यासमोर पेला धरला. "घ्या. लाकडात उरलीय तेवढीच माझी." त्याने तो सगळ्यांदेखत, एका दमात, शेवटपर्यंत रिकामा केला.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाचं एखादं वर्ष जळून गेलं असेल, तर त्याची चव घ्या. तोंड वाकडं झालं तरी घ्या आणि एकमेकांना सांगा. पण लाजेपोटी ते मातीत ओतू नका. ओतताना आधीची गोड वर्षंही त्याच्याबरोबर जातात. मी ती जाताना पाहिली आहेत; माझं बूच तेव्हा उघडं होतं आणि मला ती अडवता आली नाहीत.