कौशल्येची चादर

दुसरबीडच्या बाजारात शंकररावांच्या कापडाच्या दुकानी शालूबाई बसली होती, आणि समोर आलेली प्रत्येक चादर ती आधी गळ्यातल्या टाकाला दाखवत होती. टाक कौशल्येचा. निवृत्तीची पहिली बायको कौशल्या बाळंतपणात गेली, आणि दुसरेपणावर आलेल्या शालूच्या गळ्यात लग्नाच्या दिवशीच तिच्या नावाचा तो चांदीचा एवढासा पत्रा पडला. घरात नवं कापड आलं की आधी मेलेलीला दाखवायचं, मग जिवंत बाईनं वापरायचं. रीतच ती. मेलेल्या सवतीचा मान मोठा, वर तिच्याशी भांडायचीही सोय नाही.

शालू रीत कधी चुकली नव्हती. तरी दिवाळीपासून दोन चादरी झाल्या होत्या. झोपताना अंथरलेली चादर सकाळी पायथ्याशी घडी होऊन बसलेली असायची, कोपरे आत मुडपलेले, आणि शालू उघड्या गादीवर. तशी घडी कौशल्याच घालायची, हे निवृत्ती एकदा बोलून गेला आणि मग त्यानं जीभ चावली.

आता शालूला पाचवा महिना लागला होता. या घरात ही बाई आपल्याला पाठ टेकू देणार की नाही, एवढंच तिला कळायला हवं होतं.

"काऊन वं, किती दावतं तिले?" सासूबाई रुखमाबाई म्हणाल्या. "तिले का बाजार कराचा हाय? शंकरराव, ते जाड काढा. नातू म्हातारा होईपर्यंत टिकली पाह्यजे."

"टिकते ना बाई," शंकरराव म्हणाले. "हे कापड फाटत नाही. माणूसच आधी फाटते."

रुखमाबाई खो खो हसल्या. शालूनं जाड चादर चिमटीत चुरगाळली, तसा खळीचा पांढरा भुगा तिच्या मांडीवर पडला. टाक छातीला गार लागला, विहिरीतून आत्ताच काढल्यासारखा. मागच्या दोन्ही चादरी अशाच होत्या. दोन्ही सासूबाईंनीच निवडल्या होत्या.

"आत्याबाई," शालूनं हळूच विचारलं, "त्या गेल्या तवा खाली कोणती चादर होती?"

रुखमाबाईंचा हात पानाच्या चंचीत तसाच अडकला. शंकरराव उगाच मागची फळी झाडायला लागले.

"अशीच," त्या म्हणाल्या. "तिनं मऊ मांगली होती वं. तू बसली ना, तिथंच बसली होती. म्हने, आत्याबाई, पाठ सोलून निघते, ते मऊ घ्या ना. म्या म्हनलं, मऊ कापड चार धुण्यात विरते. चादरीनं कोनी मरत नाही, मले मालूम हाये. पन मांगली होती तिनं." त्यांनी नाक पुसलं. "मंग मेलेलीचं अंथरून म्हनून रीतीपरमानं ते परटानं नेली. अजून फाटली नाही. त्याच्या आंगनात वाळत असते, जाता-येता दिसते मले."

मग रुखमाबाईंनी जाड चादरींचा ढीग कोपरानं सारला.

"शंकरराव, मऊ दावा. जे असंन ते."

वरच्या फळीवरच्या चादरी खाली आल्या. रुखमाबाईंनी एकेक गालाला लावली, उजेडात धरून विणीची पाहणी केली, मनगटाच्या आतल्या बाजूला घासली. टिकाऊपणाचं एक अक्षर नाही. शेवटी एक पांढरी, निळ्या काठाची त्यांनी मांडीवर घेतली, आणि शालूच्या गळ्यातला टाक स्वतःच्या मुठीत धरून त्या कापडावर टेकवला.

"पाह्य वं माय. हे चालते का?"

मुठीतून सुटून टाक परत छातीवर आला तेव्हा कोमट होता. सासूबाईंच्या हाताची ऊब असेल. असेल बापडी.

घरी येऊन शालूनं चादर अंथरली आणि भर दुपारी भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. अंगाखाली कापड असून नसल्यासारखं होतं. डोळा लागतो न लागतो तोच पाठीमागं गादी हळूहळू दबली. दिवस भरलेली बाई हात टेकून, बेतानं बसते ना, तशी.

शालूनं वळून पाहिलं नाही. ती भिंतीला आणखी चिकटली.

"ये बाई," ती म्हणाली, "जागा हाये."

दुसऱ्या दिवशी चादर अंथरलेली तशीच होती. फक्त दोन्हीकडे चुरगळलेली.