सुजलेल्या पायांखालचा बाक

मित्रांनो, मला पाहून तुम्हाला वाटेल, एका बाजूने उंच आणि एका बाजूने बुटका असा हा बाक करताना सुताराचं माप चुकलं असणार. तसं नाही. मला मुद्दाम असा उतरता केला आहे. मी जुना झालो, माझा रंग उडाला, पण माझं काम एकच होतं आणि आहे. सुजलेले पाय माझ्यावर टेकवायचे.

मला घडवणारे काका दारं-खिडक्या करायचे. काकू घराच्या पुढच्या खोलीत पाळणाघर चालवायच्या. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या आजारात काकूंचं ऑपरेशन झालं होतं. त्यात जांघेतल्या गाठी काढाव्या लागल्या. आजार गेला, पण त्या गाठींवाचून पायांतलं पाणी वर जाईना आणि पाय सुजू लागले. आधी चपला घट्ट झाल्या, मग घोटे दिसेनासे झाले. शेवटी पायांना दगडासारखं जडपण आलं. रांगणारं मूल दाराकडे निघालं, तरी काकूंना पटकन उठता येईना.

डॉक्टर म्हणाले, "काही आठवडे भरती व्हा. इथे रोज मालिश होईल, पट्ट्या बांधू, सूज उतरवू."

काकू तयार झाल्या नाहीत. ऑपरेशनच्या वेळचा तो वॉर्ड त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. शिवाय पाळणाघर इतके दिवस बंद राहिलं, तर आईबाप मुलांना दुसरीकडे नेणार. तेव्हा डॉक्टरांनी दुसरा मार्ग सांगितला. रोज सकाळी बाह्यरुग्ण विभागात यायचं, उपचार घ्यायचे, पट्ट्यांसकट घरी जायचं. मात्र एक अट होती. घरचं कुणीतरी पट्टी बांधायला शिकलं पाहिजे.

"मी आहे की," काका म्हणाले.

त्याच संध्याकाळी त्यांनी उरलेल्या फळ्यांतून मला जोडलं. पायांना टोचू नये म्हणून माझ्या कडा घासून घासून गोल केल्या आणि वर जुन्या गोधडीचा तुकडा ठोकला.

काकांची पहिली पट्टी मात्र पार फसली. सुतारी हातांनी त्यांनी ती अशी आवळली, की काकूंची बोटं निळी पडायला लागली.

"अहो, पाय आहे माझा, चौकट नाही!" काकू ओरडल्या.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पट्ट्या बांधणाऱ्या ताईंनी काकांना चांगलंच झापलं, हे मला दोघांच्या बोलण्यातून कळलं. खाली जरा घट्ट, वर जाल तसं सैल. आधी मऊ कापूस, मग पट्टी, आणि प्रत्येक वेढा मागच्या वेढ्यावर अर्धा चढलेला. काका माझ्यापुढे जमिनीवर बसायचे, जीभ दातांत धरून वेढे घालायचे. काकू मांडीवर एखादं मूल थोपटत त्यांच्या चुका काढायच्या.

हळूहळू सूज उतरू लागली. एके दिवशी काकांनी पट्टी सोडली आणि घोट्याचं हाड बोटाने दाबून पाहिलं. "अगं, हे बघ कोण आलंय," ते म्हणाले. काकू हसल्या आणि मग रडल्या. त्या दिवशी घरी येणाऱ्या प्रत्येकाला माझी ओळख करून दिली गेली. माझ्या आयुष्यातलं कौतुक म्हणजे तेवढंच.

पुढे पट्ट्यांच्या जागी घट्ट मोजे आले. सूज पुन्हा चढू नये म्हणून ते रोज घालायचे होते, कायमचे. तो मोजा पायात चढवणं म्हणजे कुस्तीच. काका रबरी हातमोजे घालून टाचेपासून मांडीपर्यंत तो इंच इंच वर सरकवायचे. मग दोघंही दमून चहा प्यायचे. अशी काही वर्षं गेली.

मग काका गेले. कामावर गेले होते, तिथेच छातीत कळ आली.

परगावी राहणारा मुलगा आला, दिवसकार्य झाल्यावर परत गेला. तो रोज फोन करायचा. "आई, मोजे घालतेस ना?" "घालते रे." मी इथेच होतो, मित्रांनो. वाकूनही काकूंचा हात पावलापर्यंत नीट पोचत नव्हता. पहिले काही दिवस त्यांनी प्रयत्न केला. मोजा टाचेवर अडकायचा आणि त्या धापा टाकत तशाच बसून राहायच्या. पुढे त्यांनी मोजे कपाटात ठेवून दिले. मला गॅलरीत नेलं, माझ्यावर कुंडी आली. पाणी झिरपून माझी गोधडी कुजली.

मुलांना घ्यायला आलेल्या एका आईने विचारलं, "काकू, पाय पुन्हा सुजलेत का हो?"

"वय झालं गं," काकू म्हणाल्या. दवाखान्यात जाणंही त्यांनी सोडलं होतं. मोजे का घातले नाहीत, असं ताई विचारतील, तर काय सांगायचं?

मग अंगठ्याजवळ एक बारीकशी भेग पडली. तिच्यातून जंतू शिरले. पाय लालभडक झाला, अंगात ताप भरला, आणि ज्या वॉर्डला काकू इतक्या भ्यायल्या होत्या, तिथेच त्यांना उचलून न्यावं लागलं. त्या परत आल्या तेव्हा पाळणाघराची खोली रिकामी होती. मुलं दुसरीकडे गेली होती.

रजा काढून आलेल्या मुलाने मला गॅलरीतून आत आणलं, पुसलं. तो म्हणाला, "आई, मला सांगायचंस तरी."

"तू विचारायचास, घालतेस ना," काकू शांतपणे म्हणाल्या. "कशी घालतेस, हे कधी विचारलं नाहीस."

तो खाली बसला आणि मोजा चढवू लागला. गुडघ्यामागे चुण्या पडल्या, पुन्हा काढला, पुन्हा चढवला. रजा संपल्यावर तो गेला. जाताना एक मदतनीस बाई ठरवून गेला. ती काही सकाळी येते, काही सकाळी येत नाही. ती आली नाही, की काकू उघडे पाय माझ्यावर टेकवतात आणि दुपारपर्यंत दाराकडे बघत राहतात. घोटा आता पूर्वीसारखा दिसत नाही. डॉक्टर म्हणतात, सूज आता एवढीच उतरणार.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणीतरी दवाखान्यात न राहता घरूनच उपचार घेत असेल. ते माणूस घरी आहे, म्हणजे त्याचं सगळं ठीक चाललंय, असं समजू नका. मदत मागायला त्याला संकोच वाटतो. मी लाकडाचा आहे, मला नुसतं खाली उभं राहता येतं. तुम्हाला हात आहेत. त्याच्याजवळ जमिनीवर बसा, आणि तो मोजा आपल्या हातात घ्या.