जप्तीच्या बोटीची पूजा

शनिवारी सकाळी इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या त्या घरात नेहमीचीच गडबड होती. मनीषा डब्यात शिरा भरत होती, संजय नारळ शोधत होता आणि त्यांची सोळा वर्षांची वरदा एक बूट घालून दुसरा सोफ्याखाली हुडकत होती. श्यामलाकाकू मात्र कधीच्या तयार होऊन थर्मास घेऊन बसल्या होत्या.

आज बोटीची पूजा होती. कालव्यावरची लांबट, अरुंद, हिरवी बोट, आत राहता येईल अशी. आधीच्या मालकाचे हप्ते थकले, बँकेने ती जप्त करून लिलावात काढली. जशी आहे तशी घ्या, मागाहून तक्रार चालणार नाही. संजयला बोटीतलं ओ की ठो कळत नव्हतं. कळत होतं ते त्याच्या वहिनीला, म्हणजे श्यामलाकाकूंना. लग्नाआधी त्या नागपूरच्या आयटीआयमध्ये डिझेल इंजिन शिकवायच्या. चार वर्षांपूर्वी नवरा, रघुवीर, गेला आणि त्या या घरी राहायला आल्या. लिलावाआधी बोटी बघायच्या दिवशी त्या गुडघे टेकून तीन इंजिनांत डोकावल्या. दोनदा "नको" म्हणाल्या, तिसऱ्यांदा "ही घ्या." घेतली!

धक्क्याजवळ गाडी थांबली. बोलावलेल्या पाच सवाष्णी आधीच येऊन उभ्या होत्या.

"ताई, तुम्ही गाडीतच बसा हं," मनीषा अगदी गोड आवाजात म्हणाली. "बाहेर गारठा आहे. हीटर चालू ठेवलाय."

"बरं," काकू म्हणाल्या. त्यांनी सीटबेल्टसुद्धा सोडला नाही. वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर काहीच वाटलं नाही. बारसं, डोहाळजेवण, वास्तुशांत, दर वेळी कुठे ना कुठे गारठा असायचाच.

बोटीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला. संजयने किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. काहीच नाही.

"अगं बाई, पहिल्याच दिवशी!" मनीषाची मैत्रीण अलका पुटपुटली. "कुणाची सावली पडली की काय?" तिचे डोळे गाडीकडे गेले.

"सावली कसली, बॅटरी असेल," संजय म्हणाला. "वरदा, पळ, काकूला विचार."

काकूंनी काच खाली केली. "मेन स्विचची लाल किल्ली सोमवारी मीच काढून ठेवली. बॅटरी उतरू नये म्हणून." त्यांनी पर्समधून ती काढून दिली. "पायरीखाली खाच आहे. घाल नि फिरव."

"तू चल ना."

"नको गं. जा तू."

वरदा गेली, पण बोटीच्या दारातच थबकली. चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या, एकावर एक. कुणीतरी लेकरू तिथे पाठ टेकून दर वर्षी उंची मोजत आलं होतं. शेवटची रेघ वरदाच्या खांद्यापाशी थांबली होती. त्या रेघांवरच मनीषाने कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं.

"आण किल्ली," संजय म्हणाला.

"काकू लावेल."

"वरदा, सगळ्यांसमोर ड्रामा नको," मनीषा दबक्या आवाजात म्हणाली.

"ड्रामा नाही, आई. हे बघ ना! कुणाचं तरी घर होतं हे. बँकेने त्यांना बाहेर काढलं, ते आपल्याला चालतं. ते शुभ! आणि जिने ही शोधून दिली, तिचीच सावली नको? हाऊ डझ दॅट वर्क?"

वाऱ्याने निरांजन विझलं. वरदा परत गेली, काकूंच्या शेजारी बसली, किल्ली त्यांच्या मांडीवर ठेवली आणि तिनेही बेल्ट लावला.

"भांडलीस?"

"थोडंसं."

"शिरा खाल्लास?"

"नाही."

"गार होईल," काकू म्हणाल्या. आवाज सपाट होता.

थोड्या वेळाने संजय आला. खिडकीशी वाकला. "वहिनी, जरा येता का?"

काकूंनी पहिल्यांदाच मान वळवून त्याच्याकडे नीट पाहिलं.

"कशाला, भाऊजी? इंजिन सुरू करायला, की पूजेला?"

संजयने मागे वळून त्या पाच जणींकडे पाहिलं.

उघड्या खिडकीतून गारठा आत येत होता. काकूंनी काच वर केली नाही. लाल किल्ली मांडीवर होती, बेल्ट लावलेला होता, आणि त्या उत्तराची वाट बघत होत्या.