काळ्यावर कुंकू

व्यंकटराव साहेबांना मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. ते आमच्या आदिलाबादच्या कॉलेजात भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख, आणि माझ्या पीएचडीचे मार्गदर्शक. त्यांच्या सहीवाचून माझा प्रबंध हलत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

माझा प्रयोग साधा. आकाशातून म्यूऑन नावाचे कण सतत पडत असतात. एखादा माझ्या पेटीतल्या प्लास्टिकच्या ठोकळ्यात अडकतो, दोनेक मायक्रोसेकंद जगतो आणि फुटतो. अडकताना एकदा प्रकाश लुकलुकतो, फुटताना पुन्हा. मधला वेळ मोजायचा. बाहेरचा उजेड आत जाऊ नये म्हणून पेटीला काळ्या टेपचे तीन थर दिले होते. आठ महिने मोजत होते.

दसऱ्याला मी वांकिडीला माहेरी गेले. परतले तर मिनिटाला शंभराच्या जागी लाखभर नोंदी. आकडे बनवता येतात, यंत्र सांभाळता येत नाही, असं साहेबांनी सगळ्या विभागासमोर सुनावलं. मी आलेख काढला. उडी दसऱ्याच्या सकाळी दहा पन्नासची होती. टेपचा सैल कोपरा सोलला, तर खाली कुंकवाचं बोट.

साहेब जराही ओशाळले नाहीत. "यंत्राची पूजा नोको का? अन् काळ्यावर कुंकू लावतेत का मॅडम? म्हणून जरासं सोललं."

दसऱ्याआधीचे आकडे चोख होते. तेवढेच घेतले, उत्तरही नीट आलं. पण बाकीचे का टाकले, ते लिहावं लागतं. विभागप्रमुखांनी पूजेसाठी आवरण सोलल्याने उजेड शिरला, असं मी लिहिलं. साहेबांनी पान वाचलं आणि पेनाला टोपण लावलं.

"यंत्र बिघडलं म्हणून लिहा. आत्ता सही करतो."

यंत्र बिघडलं म्हटलं, की आधीच्या आठ महिन्यांवर तरी कोण विश्वास ठेवणार?

"यंत्र बिघडलं नव्हतं, सर."

"मंग बसा मोजत."

बसले. नवी काळी टेप गुंडाळली, मोजणी पहिल्यापासून सुरू केली; यातलं काही टाकायचं नव्हतं, म्हणजे कारणही लिहायचं नव्हतं. आठवड्याने साहेब डोकावले, तेव्हा मी पर्समधून कुंकवाची डबी काढली आणि त्यांच्या देखत त्या काळ्या टेपवर ठसठशीत बोट ओढलं. मग संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. मिनिटाला शंभरच नोंदी होत होत्या.